टॅग कोणी काढला

तुम्हा दोघांना मी नेहमी इंग्रजीत लिहिते. शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, त्यामुळे ते मला जड जात नाही आणि तुम्हाला वाचायला सोपं पडतं. हे मात्र मी मराठीत लिहिते आहे. तुम्हाला बोललेली मराठी समजते, वाचता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणजे हे तुमच्या वडिलांना तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवावं लागेल. तसंच व्हावं अशी माझी इच्छा आहे. ते मध्येच थांबले तर थांबू द्या, पाणी द्या, आणि मग पुढे वाचायला सांगा.

मागच्या महिन्यात मोठीने फोनवर विचारलं, "आजी, डिसेंबरमध्ये आले की आजोबांची मोटरसायकल चालवू?" मी हो म्हणणार तेवढ्यात मागून तुमच्या वडिलांचा आवाज आला, "आधी मेकॅनिकला दाखवावी लागेल. बाबांचा हात लागलाय त्या गाडीला. अजून एखादी पिन विसरले असतील." ते हसले, मोठी हसली, धाकटाही हसला. वाईट मनाने कोणीच हसलं नाही. आपल्या माणसाच्या आठवणीने हसतात तसं ते हसणं होतं. मी "बरं" म्हटलं, फोन ठेवला आणि व्हरांड्यात जाऊन त्या मोटरसायकलपाशी बसले.

आपल्या घरात ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. आजोबा म्हातारपणी ब्रेकची पिन लावायला विसरले, सुपेल्याच्या चौकात पडले आणि हात मोडून घेतला. ती गोष्ट खरी नाही. खरी कोणती ते सांगण्यासाठी मी बसले आहे.

तुमचे आजोबा कारखान्यात पस्तीस वर्षं फिटर होते. मशीन बंद करायची, उघडायची, दुरुस्त करायची आणि चालू करून द्यायची, हे त्यांचं काम. भंडाऱ्याकडच्या एका लहान गावातून ते आणि त्यांचे थोरले भाऊ शिकून बाहेर पडले. भाऊ शिक्षक होऊन गोंदियाला राहिले, हे भिलाईला आले. निवृत्त झाल्यावर क्वार्टर सोडून आम्ही नेहरू नगरच्या या घरात आलो. कारखाना सुटला, तरी हातांची सवय सुटली नाही. मग सगळा भार त्या एका मोटरसायकलवर आला.

मेकॅनिककडे गाडी न्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. पण कारखान्यातली मशीन आणि आपली गाडी यांत फरक असतो हे कळायला त्यांना बरेच दिवस लागले. पहिल्याच वर्षी त्यांनी इंजिनखालचा ऑइलचा बोल्ट पान्याला लांब पाइप लावून आवळला. मोठ्या मशीनवर तसंच आवळायचं असतं. इथे आतले आटेच गेले आणि ऑइल रात्रंदिवस ठिबकत राहिलं. एकदा कार्ब्युरेटर साफ करून लावला आणि अर्धा तास किक मारत बसले. मी आतून येऊन विचारलं, "पेट्रोलचा कॉक उघडला का?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तरीण बाई, तुमी आपलं व्याकरण पाहा." मग मी आत गेल्यावर हळूच कॉक उघडला. किकचा आवाज बदलला तेव्हा मला आत कळलं.

चुका झाल्या की त्या लिहून ठेवायच्या ही सूचना माझी होती. मी एका जाड वहीत तीन रकाने आखून दिले: लक्षण, कारण, उपाय. ते सांगत, मी लिहीत असे. कारण शोधायची त्यांची एक ठरलेली रीत होती. गाडी बिघडली की ते आधी पाना हातात घेत नसत. स्टुलावर बसून विचारत, "शेवटचा हात कुठं लागला होता? कोणाचा लागला होता?" जिथे शेवटचा हात लागला तिथून शोधायला सुरुवात करायची. दहातल्या आठ वेळा बिघाड तिथेच सापडे. आणि आठही वेळा शेवटचा हात त्यांचाच असे. हे ते स्वतः सांगत.

कारखान्यातून त्यांनी आणखी एक गोष्ट घरी आणली होती. तिथे मशीनवर काम चालू असताना तिच्या स्विचला लाल टॅग लावतात. ज्याने लावला त्याचं नाव त्यावर असतं आणि तो टॅग फक्त त्यानेच काढायचा असतो. दुसऱ्याने त्याला बोट लावायचं नाही, मग तो साहेब का असेना. कारण टॅग निघाला म्हणजे काम पूर्ण झालं, मशीन चालवा, असा त्याचा अर्थ. चुकीच्या वेळी निघालेल्या टॅगने त्यांच्या डोळ्यांसमोर एका माणसाचा हात गेला होता. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. मला ते त्यांच्या एका सोबत्याच्या घरून कळलं.

तसाच एक पुठ्ठ्याचा लाल टॅग त्यांनी मोटरसायकलसाठी केला. काम सुरू केलं की तो हँडलला बांधायचे. शेजारी वर्तमानपत्र पसरून त्यावर काढलेले भाग क्रमाने मांडायचे आणि उलट्या क्रमाने बसवत यायचे. कागद रिकामा झाला की काम संपलं. मग टॅग सोडायचा, दोरी गुंडाळायची आणि व्हरांड्यातल्या टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवायचा. "माणसाचं डोकं इसरते," ते म्हणत, "टॅग इसरत नाही."

ती वैशाख पौर्णिमा होती. ऊन इतकं की सकाळी आठलाच व्हरांड्याची फरशी तापलेली. त्यांनी पहाटेच मागचं चाक काढलं होतं, कारण ब्रेकचे लायनर झिजले होते. नवे लायनर बसवले, चाक चढवलं. मागच्या ब्रेकची एक गोल प्लेट असते. चाक फिरतं, पण ही प्लेट फिरू नये म्हणून एक लोखंडी पट्टी तिला धरून ठेवते. ती पट्टी एका बोल्टने बसते. बोल्टला नट, आणि नट निघू नये म्हणून बोल्टच्या भोकातून एक दुमडलेली तार घालून तिचे दोन्ही पाय वाकवायचे. ती स्प्लिट पिन. जुनी पिन पुन्हा वापरत नाहीत, म्हणून त्यांनी नवी आणली होती. हे सगळं मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर शिकावं लागलं.

अकराच्या सुमारास मी त्यांना हाक मारली. विहारात वंदनेला जायचं होतं आणि चार वाजता खिरीला माणसं येणार होती. त्यांच्या डोळ्यांत घाम उतरत होता, चष्मा पुन्हा पुन्हा घसरत होता.

"थोडकंच राहिलं वं."

"उद्या करा. वंदना कोण म्हणणार मग?"

विहारात वंदना तेच म्हणत, बाकीचे त्यांच्या मागून. ते उठले. नट हाताने बसवलेलं, पिन कागदावर, टॅग हँडलला.

त्या दिवशी दुपारी गोंदियाहून फोन आला की थोरल्या भाऊंची तब्येत फार बिघडली आहे. भाऊंना तीन वर्षांपासून विस्मरणाचा आजार होता. आधी रस्ते विसरले, मग माणसं. आजोबा खीर न खाता स्टेशनवर गेले. मी मात्र थांबले, कारण माणसांना बोलावलेलं होतं.

चारच्या आधी मी व्हरांडा आवरला. तुम्ही मला ओळखता. माझ्या घरात वस्तू जागेवर असते. ऑइलचे डाग पुसले. जुने लायनर खोक्यात टाकले, फडकं धुवायला, वर्तमानपत्र झटकून रद्दीत. कागदावर तारेचं एक लहानसं दुमडलेलं काहीतरी होतं. मला वाटलं, माझाच आकडा केसांतून पडला आहे. तो मी आत नेऊन आकड्यांच्या डबीत टाकला. मग हँडलला लोंबणारा तो लाल पुठ्ठा दिसला. सणाच्या दिवशी, माणसं यायच्या वेळी तो दारात चांगला दिसेना. मी तो सोडला, दोरी नीट गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये ठेवला. जिथे ते ठेवत असत तिथेच.

कुठेतरी दुसरीकडे टाकला असता तर बरं झालं असतं. पण माझ्या हातून तसं कधी होत नाही.

भाऊ आठव्या दिवशी गेले. तुमचे आजोबा दोन आठवड्यांनी परत आले तेव्हा त्यांचा चेहरा सुकलेला होता. शेवटचे चार दिवस ते भावाच्या उशाशी बसून होते. भाऊंनी त्यांच्याकडे पाहून विचारलं होतं, "तुमी कोणाकडचे पाहुणे?" एवढंच त्यांनी मला सांगितलं.

आल्यावर तिसऱ्या दिवशी सकाळी ते भाजी आणायला सुपेल्याला निघाले. मोटरसायकलला टॅग नव्हता. खाली कागद नव्हता. त्यांनी ड्रॉवर उघडून पाहिला, टॅग दोरी गुंडाळून आत होता. म्हणजे काम झालं होतं. ते बसले आणि गेले.

चौकाच्या थोडं अलीकडे समोर रिक्षा आली म्हणून त्यांनी ब्रेक दाबला. नट कुठेतरी वाटेतच गळून गेलं होतं. पट्टी सुटली, प्लेट चाकाबरोबर फिरली आणि मागचं चाक एकदम जाम झालं. ते डाव्या अंगावर पडले. टायरच्या दुकानातल्या एका माणसाने त्यांना उचलून रिक्षात घातलं आणि त्यांच्या फोनवरून मला कळवलं, "माताजी, घबराइए मत, होश में हैं. बस गाडी का ही पूछ रहे हैं."

मनगट आणि गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी चौकातल्या मेकॅनिकचा निरोप आला की त्या बोल्टमध्ये पिन घातलेलीच नव्हती. समजावं म्हणून त्याने तशी एक नवी पिन निरोप्यासोबत पाठवली होती. आजोबांनी ती चांगल्या हातात धरून बराच वेळ फिरवली. मग मला विचारलं, "टॅग म्याच काढला असन ना वं?"

मी त्यांच्या उशीचा अभ्रा बदलत होते. म्हटलं, "मग दुसरं कोण काढणार?"

हे उत्तर मी खोटं म्हणून दिलं नाही. तेव्हा मला खरंच आठवत नव्हतं. पण त्याच संध्याकाळी, थर्मास भरायला घरी आले तेव्हा, ड्रॉवर समोर दिसला आणि माझ्या बोटांना ती दोरी गुंडाळल्याचं आठवलं. मी थर्मास भरला, परत गेले आणि काही बोलले नाही. त्यांना ताप होता, तुमचे वडील विमानात बसले होते. मी स्वतःला सांगितलं की काम कदाचित आधीच झालेलं असेल, मी फक्त पुठ्ठा काढला. पिन कुठे गेली ते मला माहीत नव्हतं, आणि ते माहीत नाही या आधारावर मी पाच महिने काढले.

तुमचे वडील दहा दिवस राहिले. त्यांनी आजोबांना विस्मरणाच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी घड्याळ काढायला सांगितलं, तीन शब्द सांगून थोड्या वेळाने विचारले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. आजोबांनी सगळं बरोबर केलं. डॉक्टर म्हणाले, वयाच्या मानाने उत्तम आहे. पण आजोबांनी डॉक्टरांवर विश्वास ठेवला नाही. त्यांचा विश्वास टॅगवर होता. काम अपुरं असताना आपण टॅग काढला आणि ते आपल्याला आठवतही नाही, यापेक्षा मोठा पुरावा त्यांना नको होता. घरी आल्यावर त्यांनी उजव्या हाताने वहीत स्वतः लिहिलं. लक्षण: मागचं चाक जाम. कारण: विसर. उपायाचा रकाना त्यांनी कोरा ठेवला.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवतात. पडताना वाकलेल्या ब्रेकच्या रॉडसकट गाडी व्हरांड्यात उभी होती आणि तिला लाल टॅग होता. ते गॅसची कळ तीनदा पाहून येत. बाहेर जाताना खिशात घराचा पत्ता लिहिलेली चिठ्ठी ठेवू लागले, जिथे पंधरा वर्षं राहतो त्या घराचा. विहारात वंदना म्हणायला त्यांनी नकार दिला. "मधातच इसरलो तं? लोकाईसमोर?" मग ते मागच्या सतरंजीवर बसून दुसऱ्यांच्या मागून म्हणू लागले.

हे सगळं मी पाहत होते. जेवण वाढत होते, औषधं देत होते, वस्तू जागेवर ठेवत होते.

आश्विनात धम्मचक्राच्या दिवशी विहारात जायचं म्हणून मी केस बांधायला बसले. डबीतून आकडा काढला, तो केसांत जाईना. पाहिलं तर त्याचं डोकं गोल होतं, दोन पाय एकमेकांना चिकटलेले आणि कडेला काळं ग्रीस. तशीच एक पिन मी दवाखान्यात त्यांच्या हातात पाहिली होती. मी आरशासमोर बसून राहिले. शेवटचा हात कुठं लागला होता, कोणाचा लागला होता. आता पळायला जागा उरली नाही.

ते बाहेर वर्तमानपत्र वाचत होते. मी पिन त्यांच्यासमोर टेबलावर ठेवली.

"पिन हाय," ते म्हणाले. "कुठं भेटली?"

"माझ्या आकड्यांच्या डबीत."

त्यांनी ती उचलून उजेडात धरली. "पाय वाकले नाहीत. हे कधी लागलीच नाही." मग माझ्याकडे पाहिलं. "डबीत कशी गेली?"

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये अडवलं नाही. संपल्यावर एकेक विचारू लागले, जणू कारखान्यातली चौकशीच.

"कागदावर अजून काय होतं?"

"फडकं, जुने लायनर आणि ही."

"नट?"

"नट नव्हतं."

"मंजे नट चढवलं होतं. टॅग?"

"हँडलला होता. मी सोडला."

"दोरी गुंडाळून ठेवला?"

"गुंडाळून."

"म्हणून," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मंजे म्या नाही काढला."

"नाही."

"म्या इसरलो नाही."

"नाही, तुम्ही विसरला नाही."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली. मला वाटलं, आता मी सुटले. तेवढ्यात त्यांनी तो प्रश्न विचारला ज्याची मला भीती होती.

"टॅगचं तुले कवा आठवलं?"

आज, असं म्हणता आलं असतं. त्यांनी ते मानलं असतं.

"दवाखान्यात होता तेव्हा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. रस्त्याने विहाराकडे जाणारी माणसं दिसत होती, पांढऱ्या कपड्यांत.

"हाड दीड महिन्यात जुळलं वं," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "म्या रोज सकाळी उठलो का पयले आपलं नाव मनात घेऊन पाहून राहिलो होतो, येते का म्हणून. मंग तुयं. मंग पोट्ट्याचं. पाच महिने. अन् तू बाजूलेच झोपून होती."

मी त्यांचा चष्मा पदराने पुसून त्यांच्यापुढे ठेवला.

ते एकटेच विहारात गेले. शेजारणीने संध्याकाळी सांगितलं की आज बाबूजी स्वतः उठून पुढे जाऊन बसले आणि सगळी वंदना त्यांनीच म्हटली.

चार दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलले. पाचव्या दिवशी सकाळी व्हरांड्यातून हाक आली, "मास्तरीण बाई, इकडं या. जुनी साडी नेसून या."

त्यांनी वर्तमानपत्र पसरलं होतं. पुठ्ठ्याचा नवा तुकडा आणि पेन माझ्या हातात दिलं. "ज्याचं काम, त्याचा टॅग. आपलं नाव लिहा." त्यांचा टॅग त्यांनी सोडला, माझा मी बांधला. मग ते स्टुलावर बसले आणि मला खाली बसवलं. पुढचे तीन तास त्यांनी पान्याला हात लावला नाही. वाकलेला रॉड, प्लेट, पट्टी, सगळं मी काढलं आणि मांडलं.

"तो पाना नाही. त्याच्या बाजूचा. तीस वर्षं पोरायले डावं-उजवं शिकवलं का नाही तुमी?"

"मी इंग्रजी शिकवलं."

"मंग इंग्रजीत सांगू का? लेफ्ट."

त्या पाच महिन्यांत ते पहिल्यांदा थट्टा करत होते. मी मान वर केली नाही, कारण माझे डोळे त्यांना दाखवायचे नव्हते.

पिन शेवटी आली. माझ्या डबीतलीच. नट आवळून भोक जुळवलं, पिन आत सरकवली. "आता पकडीनं पाय वाकवा. एक इकडं, एक तिकडं. दोन्ही एकाच अंगाले नको, नाही तं सरकून निघते." दोनदा पकड निसटली. तिसऱ्यांदा जमलं. कागद रिकामा झाला, तेव्हा त्यांनी मला टॅग काढू दिला.

मग वही आणायला सांगितली. मी त्यांचं "विसर" खोडायला रबर घेतलं, तर त्यांनी माझा हात धरला. कारखान्याच्या नोंदवहीत काही पुसत नाहीत. चुकलेल्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी बरोबर ते लिहून सही करायची. मी रेघ मारली आणि लिहिलं: दुसऱ्याचा टॅग काढला. पिन उचलली. सांगितलं नाही. खाली सही केली. उपायाच्या रकान्यात काय लिहू, असं विचारलं.

"पोट्ट्याले सांग," ते म्हणाले. "त्याच्या मनात मायं डोकं गेलं असं बसलं आहे. थे तुले काढा लागन."

रविवारी तुमच्या वडिलांचा फोन आला. आजोबा समोरच बसले होते. मी म्हटलं, "अरे, त्या पिनच्या प्रकरणात थोडी माझीही चूक होती. व्हरांडा आवरताना गडबड झाली."

"आई, तू बाबांना वाचवू नको," ते हसून म्हणाले. "होतं या वयात. तू पण ना." आणि मुलांच्या परीक्षांचं सांगू लागले. मी ऐकत राहिले.

फोन ठेवल्यावर आजोबांनी विचारलं, "सांगितलं?"

"सांगितलं."

"त्याले समजलं?"

"समजलं असेल."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग वर्तमानपत्र वर धरलं. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही. मीही काढला नाही. वहीतला उपायाचा रकाना आजही कोरा आहे.

त्यानंतर दोन वर्षं त्यांनी ती मोटरसायकल चालवली. सुपेल्याला भाजीला जात, मरोद्याला जुन्या सोबत्याकडे जात, पुष्कळदा मी मागे बसलेली असे. लायनर एकदा बदलले, चेन एकदा. दर वेळी टॅग बांधला, दर वेळी त्यांनीच सोडला. मागच्या वर्षी हृदयविकाराने ते गेले. शेवटच्या सकाळपर्यंत त्यांना सगळ्यांची नावं येत होती. तुमची दोघांचीही.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला माणसं जमली तेव्हा तुमचे वडील बोलायला उभे राहिले. वडिलांवर त्यांचं किती प्रेम होतं हे प्रत्येक शब्दात दिसत होतं. शेवटी त्यांनी पिनची गोष्ट सांगितली. सगळं आयुष्य दुसऱ्यांच्या मशीन दुरुस्त करणारा माणूस आपल्याच गाडीची पिन विसरला, असं. माणसं ओल्या डोळ्यांनी हसली. मी पहिल्या रांगेत बसले होते. मी पदराच्या टोकाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. उठले नाही.

आता तुमच्या वडिलांनी हे वाचलं आहे. बाळा, तुझ्या बाबांचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं. ते पिन विसरले नव्हते. तू मला फोनवर अडवलं नाहीस, मीच थांबले. तुला ते डोकं तसंच कमकुवत वाटत राहिलं तर माझ्या चुकीवर पांघरूण राहणार होतं, आणि ते मी राहू दिलं. वही मी टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली आहे, टॅगच्या खाली. येशील तेव्हा ते पान पाहा.

आणि मोठी, तुला मोटरसायकल चालवायची आहे तर जरूर चालव. तिची चावी खिडकीच्या खिळ्याला आहे. मेकॅनिकला दाखवायची असेल तरी हरकत नाही, वर्षभर ती उभीच आहे. चाक, लायनर, चेन, हे आजोबांच्या हातचं आहे. त्याने पाहिलं की त्याला कळेल. त्या पट्टीवरची पिन तेवढी त्याला आधी तपासायला सांग. लायनर बदलले तेव्हाही तो बोल्ट आजोबांनी मलाच करायला लावला. ती मी लावलेली आहे.